आज येथपर्यंत

सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.
"तुमचं ते बंद होत नाहीये,"
खळदकर बाई, नारायण पेठेतून.
"पर्स खांद्याला लावून उभी आहे मी.
पडदा नुसता पांढुरका झालाय,
आणि खाली तांबोळी किल्ल्या वाजवतोय."

मला माहीत होतं आत काय चाललंय.
विहिरींचे जुने नकाशे, त्यांची टिपणं,
सासवडपासून ओतूरपर्यंतची चाळीस हजार पानं,
आणि त्यांतला शब्द न् शब्द टिपून ठेवणारा
माझा एक मागच्या दाराचा कारकून.
अख्खं फोल्डर संपल्याशिवाय
तो मान वर करत नाही.
थांबायचं कसं, हे मी त्याला शिकवलंच नव्हतं.
"जरा पाच मिनिटं," मी म्हणालो.
बाईंनी भिंतीवरचं बटणच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी "बारव" शोधलं.
शून्य.
अख्ख्या जुन्नर तालुक्यात एकही बारव नाही!

मग मी चलाखी केली.
फुली दाबली की खिडकी लगेच मिटायची
आणि कारकून आत, अंधारात, चालूच.
बाई खूश. दोन दिवस.
तिसऱ्या सकाळी पडद्यावर पाटी:
"हा प्रोग्राम आधीच चालू आहे."
"कुठे चालू आहे? मला तर दिसत नाही.
आणि मशीन रात्रभर घरघरत होतं,
त्याचं बिल तुम्ही भरणार का?"

शेवटी एका गुरुवारी गेलोच.
डेक्कनला गाडी लावली, झेड ब्रिजवरून चालत.
गाड्यांवर टेकलेली जोडपी, नदीला पाठ,
खाली नदीचा तो वास.
ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली लग्नपत्रिकांचं दुकान.
बाई रजिस्टरही लिहितात, अजून, हाताने.
("तुमच्या मशीनवर माझा भरवसा नाही असं नाही," म्हणाल्या.
म्हणजे नाहीच.)

पावणेसहाला त्या एका विहिरीत अर्ध्यावर होत्या.
मौजे ओतूर, बांधकाम दगडी, खोली अकरा परस,
पाणी बारमाही.
तेवढी ओळ पुरी केली.
फक्त तेवढीच.
मग पाठकोऱ्या कागदाचा एक चिटोरा घेतला:
"आज येथपर्यंत. पुढे उंब्रज, विहीर तिसरी."
चिटोरा पानात, पेनाला टोपण, रजिस्टर बंद.
तांबोळीची पहिली हाक यायच्या आत
चपलेत पाय.

"आणि उरलेलं?" मी विचारलं.
"ते कुठे जातंय?" बाई म्हणाल्या.
"विहिरी आहेत त्या."

त्या रात्री कारकुनाला शिकवत बसलो.
प्रत्येक पानानंतर मान वर कर.
कुणी उठतंय का बघ.
उठत असेल तर हातातली ओळ पुरी कर,
अर्धा शब्द टाकून पळू नकोस,
पण फोल्डर संपवायचा हट्टही नको.
चिठ्ठी लिही, पानाचा आकडा घाल,
दिवा मालव, नीघ.
सकाळी आलास की आधी चिठ्ठी वाच.
अकरा ओळी भरल्या सगळ्या मिळून.
सहा महिने घालवले होते मी त्यांच्याभोवती.

सोमवारी फोन.
"बंद होतं आता. लगेच.
पण तो काम खरंच करतो ना,
की नुसताच पळतो?"

म्हणून आता सहा वाजता
पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ उमटते:
आज येथपर्यंत. उरलेलं उद्या.
बाईंनी म्हणे ती पहिल्यांदा मोठ्याने वाचली,
तांबोळी म्हणाला, "बराबर आहे,"
आणि शटर ओढलं.

मी बावधनला, पावणेदोनला,
छताच्या पंख्याकडे बघत
कुठल्यातरी फोल्डरच्या मधोमध.
रेवा कूस बदलते,
डोळे न उघडता विचारते,
"कुठवर आलास?"