पेव नंबर चौदा

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर माझं ऑफिस.
रात्री पावणेअकराला चुकांचं पेव फुटलं:
बाफनांच्या खात्यातून चाळीस पोती वजा केली
आणि ती मगदुमांच्याही खात्यातून गेली.
मगदुमांना तर मी हात लावला नव्हता.
वर फक्त एक ओळ होती, निरुपद्रवी,
मगदूम = बाफना,
सुरुवातीला दोघांचा साठा सारखाच होता म्हणून
टाइप करायचा कंटाळा केला होता मी.

घरी आले तर अण्णा जागे.
नेमगोंडा दिवाणजी,
हरिपूरच्या पेवांची बेचाळीस वर्षं वही लिहिलेला माणूस.
त्यांना यातलं काय कळणार, म्हणून सावकाश सांगू लागले
आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांनी थांबवलं.
"दोन चिठ्ठ्या, पेव एकच. मग रडतीस कशाला?"

उजव्या हातानं हवेत खड्डा दाखवत बोलत राहिले.
चिठ्ठीत हळद नसते, पोरी, आकडा असतो.
हळद खाली, अंधारात, मुरत असते.
वरची शाई वाळली ती वाळलीच, खाली रंग चढत राहतो.
एकदा चौदा नंबर उघडलं,
कोंडलेली हवा जाऊ दिली,
कंदील सोडून बघितला, विझतोय का,
आणि माणूस उतरवून पाच पोती काढली.
बँकेत तारण ठेवलेली चिठ्ठी कपाटात होती.
तिच्यावरचा एक काना हलला नव्हता.
तरी ती पाच पोत्यांनी हलकी झाली होती.

"आणि चौदा खोडून सतरा लिहिलं तर?"
"तर चौदाला काय कळतंय? ते आपलं झोपलेलं.
चिठ्ठी फिरती. पेव फिरत नाही."

वेगळं हवं असेल तर दुसरं खणावं लागतं.
नुसती वही उतरवून घेतलीस
तर तीच पेवं दोनदा मोजशील.
(यासाठी मी कॉलेजची दोन सत्रं फी भरली होती.)

लॅपटॉप उघडला, ती ओळ काढली.
नवं पेव खणलं, पोतं पोतं मोजून भरलं.
साडेबाराला आकडे जुळले.

झोप मात्र येईना.
अण्णा, दिवाणजी, मामा, नेमू.
चार नावं चार दारांनी या खाटेपाशी यायची.
मागच्या श्रावणात डावा हात गेला
तेव्हा कुणाच्याच तोंडातलं नाव बदललं नाही.
मामा म्हणणारा पुण्यात झोपला होता,
सकाळी फोन घेईपर्यंत
त्याचाही मामा दुसराच झाला होता.

नेमू म्हणणारी आता नाही.
त्या बाजूनं आत जायची वाट बुजली.
जिच्याकडं एकही चिठ्ठी बोट दाखवत नाही
ती वस्तू यंत्र गुपचूप उचलून नेतं,
जागा मोकळी करतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहाटे त्यांनीच विचारलं,
"पुरात चिठ्ठ्या वाहून गेल्या,
ती पेवं कुठली, ठाऊक आहे का?"
मी मान हलवली.
"मलाही नाही आता," म्हणाले.
"पण त्या रानात पाय पडला
की पोकळ वाजतं."