दोन आकडे कमी

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार, सास्काटून.
नर्सरीत निम्मे टेबल उघडे पडलेत.
आयझॅक पेन्नर हायड्रेंजियाची कुंडी
छातीशी धरून गल्ल्यापुढे उभा.

"ही तुला विकणार नाही," ओरिसिया म्हणते.
"लेबलवर तीन लिहिलंय. आपणही तीनमध्येच."
"ते जमिनीतल्या झाडासाठी.
जमिनीत थंडी वरून येते फक्त,
खालची माती थोडी धग राखून असते.
कुंडीत ती चहूकडून शिरते,
बुडाखालूनसुद्धा.
कुंडीला नेहमी दोन आकडे कमी धरायचे.
ठेवणार कुठे?"

"तिसरा मजला. बाल्कनी. उत्तरेकडची."
मग, कुंडीतल्या मातीकडे बघत,
"शेत एप्रिलमध्ये विकलं."

तीनातून दोन गेले, एक.
एकात टिकणारं फारसं काही नसतं.
ओरिसिया मोजे उतरवते, त्याला मागे नेते,
बुटकी पाइन दाखवते, एक जमिनीलगतचा जुनिपर,
"दोनवाले आहेत, पण चिवट.
लाकडी पिंप घे, भाजल्या मातीचं तडकतं.
आणि गोठायच्या आधी पोटभर पाणी पाज,
कोरडं मूळ आधी जातं."

तो ऐकतो. कुंडी खाली ठेवत नाही.
"टिल्डाला पांढरी फुलं हवीत.
पलंगावरून तेवढीच बाल्कनी दिसते तिला."

ओरिसिया काही बोलत नाही.
डॉगवूडच्या लाल काड्यांची मोळी उचलते,
स्प्रूसच्या तोडलेल्या फांद्या, हातभर लांब.
"या ओल्या मातीत खोच. रात्रीत माती दगड होईल,
वारा हलवू शकणार नाही.
मार्चपर्यंत हिरव्या."
"म्हणजे मेलेल्याच."
"हो. पण त्यांना अजून कळलेलं नसतं."

तो हसतो की खोकतो, कळत नाही.

मग ती कात्री काढते,
त्याच्या हातातल्याच हायड्रेंजियाचे
वाळलेले गेंद कापते, सात,
चहाच्या डागाच्या रंगाचे, कागदासारखे वाजणारे.
"हे फांद्यांमध्ये बसव. पैसे नकोत.
बर्फ यांच्यावर थांबतो.
मंगळवारी पडणार म्हणतात."

उघडं झाड ती त्याच्याकडून काढून घेते,
शेडमागे, भिंतीच्या आडोशाला, जमिनीत लावायला.
पावतीच्या मागे लिहिते: पेन्नर, मे.

बाहेर गाडीचं दार एका हाताने उघडत नाही.
तो गेंद दातांत धरतो.