रकाना अकरा : आवाज

ग्रीनॉकला जानेवारीत चारलाच दिवा लावावा लागतो.
खिडकीबाहेर क्लाइड, शिशाच्या पत्र्यासारखी सपाट.
आत टेबलावर तळहाताएवढं बोर्ड :
अठ्ठेचाळीस व्होल्ट घ्यायचे, पाच द्यायचे
आणि मधल्या मधे सेकंदाला तीन लाख वेळा
दार उघडायचं, लावायचं.
कडी कुरकुरता कामा नये.

सोमवारी स्कोपवर लाटेच्या प्रत्येक कडेला शिंगं दिसली.
दोन दिवस मी गेटचे रेझिस्टर बदलत बसलो,
दोन पॉइंट दोन, चार पॉइंट सात, दहा.
मग कळलं, प्रोबची ग्राउंडची वायरच वीतभर लांब,
हवेतलं सगळं तीच गोळा करत होती.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात;
इथे आरसाच थरथरत होता.
वायर काढली, टोकाला इवलीशी स्प्रिंग बसवली.
शिंगं गेली.
दोन दिवसही गेले.

बुधवारी लोड एकदम टाकला, एकदम काढला.
व्होल्टेज दचकलं,
दोन हेलकावे, की जागेवर.
गुरुवारची रात्र गरम पेटीत, साठ अंशांवर;
सकाळी आकडा मर्यादेच्या नऊ अंश आत.

शुक्रवारी उरला रकाना अकरा : आवाज.
कान जवळ नेला.
लिहिलं, ‘काही नाही’.
सहीला पेन टेकवणार
तोच मॉर्व्हेन मॅकफेल, वय सतरा, शिकाऊ,
दारातूनच म्हणाली,
“ते शिट्टी का मारतंय?”

मी म्हटलं, कुठे?
तिनं लोड वाढवला. “आता नाही.”
कमी केला. “आता आहे. कानात सुई घातल्यासारखं.”

लोड नसला की बोर्ड डुलकी काढतं,
मधूनच एक ठोका देतं, पुन्हा डुलकी.
ते ठोके सेकंदाला पंधरा हजारांवर उतरले होते.
स्कोपवर मला ते दिसतही होते
आठवडाभर, स्वच्छ,
फक्त शिट्टी म्हणून नाही,
विजेची बचत म्हणून.

माझं वय चोपन्न.
कोणत्या साली हा सूर माझ्या कानातून उठून गेला
कोण जाणे.
‘येतो’ म्हणायची रीतही त्यानं पाळली नाही.

बोर्ड कुठे बसणार, ते फाइलच्या पहिल्याच पानावर होतं :
अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेटीखाली.
तिथले कान चार दिवसांचे,
आणि तक्रार नोंदवायची तर
एकच फॉर्म, तोही रोजच भरलेला.

‘काही नाही’वर आडवी रेघ मारली.
आमच्याकडे खोडरबर चालत नाही,
चूकसुद्धा वाचता आली पाहिजे.
खाली लिहिलं : आवाज आहे. कॉइल आणि कंट्रोल पुन्हा तपासणे.
ऐकणारी : मॉ. मॅकफेल.

‘वापरलेलं उपकरण’ या चौकटीत
तिनंच माझ्या हातून पेन घेऊन लिहिलं : डावा कान.
डावाच का, विचारलं.
म्हणाली,
“उजव्यात इअरफोन होता.”