केसपेपर

"पेशंट कोण?"
मी म्हटलं, मीच की.
सीपीआरच्या खिडकीतला दादाकडंच बघत राहिला.

सुभाषनगरात मी चपलांच्या वेण्या वळते.
गोळ्या संपल्या की
हातातलं कातडं ओळख देत नाही.

डॉक्टरीणबाईंनीही त्यालाच विचारलं,
"झोपते का ही?"
दादा म्हणाला, "तिलाच विचारा."
गेल्या म्हाईला यानंच
मला माडीवर कोंडलेलं, बाहेरनं कडी.

सांगितलं मी. झोप, भीती, कडीचा आवाज,
सगळं.

गोळी नव्हतीच. मंगळवारी या म्हणाले.
म्हणजे अजून एक रोज बुडणार,
अन् मधे पाच रात्री.

'नातेवाईकाची सही' छापलेल्या जागेत
मी लिहिलं, शालिनी.
एक वेलांटी सुटलेली,
अर्ध्या जिन्यातनं परत येऊन घातली.