अस्तर

शनिवारी कपिलेश्वरच्या पुलाखाली
शिवलीला ताडपत्रीवर गठ्ठा सोडते.
मी लवकर जात नाही.
लवकर गेलं की भाव चढा,
आणि ओळखीचं कोण ना कोण भेटतंयच.
साडेचारला जाते. तिचा चहा झालेला असतो,
उरलेलं परत बांधायचं तिच्या जिवावर आलेलं असतं.

डोळ्यांनी बघायचं नाही, हात घालायचा.
हे बाबांचं.
वडगावात मागावर तीस वर्षं काढली त्यांनी,
माग भंगारात गेला, अंगठा अजून
काहीही चोळून बघतो, लग्नाची पत्रिकासुद्धा.

पॉलिस्टर आधी गार लागतं, मग लगेच घामट.
लोकर जरा चावते.
रेशीम अडकतं,
भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटाला तर हमखास.

माझं बोट अडकलं
एका काळ्या कोटाच्या आत.

ओढून काढला. मानेशी पट्टी,
मालकिणीनं कात्री चालवलेली, पण घाईत.
नाव गेलेलं, खाली राहिलं होतं : मिलानो.
शिवलीलाला कन्नड तेवढं वाचता येतं,
मला कन्नड बसच्या पाटीपुरतं.
मिलानो आम्हा दोघींना सारखंच लांब.

एष्टु?
मुन्नूर.
मी कोपराचं भोक तिच्या नाकासमोर धरलं,
त्यातून पलीकडचा केळीवाला दिसत होता.
शिवलीला हसली. नूर ऐवत्तु, तगोरी.
पर्समध्ये दोनशे दहा होते.
भिशीचे पैसे वेगळ्या कप्प्यात, ते मोजायचे नाहीत,
मोजले की आपलेच वाटतात.

घरी बाबांनी कोट आधी उलटा केला.
सरळ बाजू काय, दाखवायचीच असते, म्हणाले,
आणि अस्तरावरून अंगठा नेता नेता थांबले.
उजव्या काखेत, बोटभर.
इथं कुणाचा तरी हात फिरलाय गा.
मला काहीच दिसेना. बल्बखाली धरलं तरी दिसेना.
धागा आडवा जातोय आणि तिरका परततोय, बघ.
असं एकटा मक्तुमसाब करतोय.

म्हणजे मिलानोहून निघालेला कोट
आधी एकदा खडेबाजारात येऊन गेलेला.

मक्तुमसाबनी चष्मा पुसला,
माझ्याकडे न बघता कोटाकडे बघून मान हलवली,
जुन्या गिऱ्हाइकाला हलवतात तशी.
कोपर आणि खांदे मिळून साडेतीनशे.
कोटच दीडशेचा हो, मी म्हटलं.
कोट स्वस्त मिळाला ते तुझं नशीब, बेटी,
माझा डोळा तेवढाच महाग आहे.

कुणाचा होता, विचारलं.
कॅम्पातल्या? टिळकवाडीतल्या?
त्यांनी सुईत दोरा घातला, तिसऱ्या खेपेला गेला.
नाव सांगितलं तर रफू दिसायला लागतं, म्हणाले.
मग थोड्या वेळानं, दोरा दातानं तोडत :
बाई जाड झाल्या, एवढं सांगतो.

दर शनिवारी पन्नास ठरले.
सात शनिवार कोट त्यांच्या खुंटीला,
एका वकिलाच्या काळ्या डगल्याशेजारी.
मी पैसे द्यायला जायची, जरा बाहीला हात लावून यायची.
आमच्या लॅबमधली प्रेमा म्हणायची,
एवढ्यात नवा आला असता की ऑनलाइन, दोन आले असते.
आले असते.

सातव्या शनिवारी हातात आला तेव्हा
शिमगा होऊन गेला होता, थंडी कधीच संपलेली.
दुपारी तीनचं ऊन, सेकंड गेट पडलेलं,
मालगाडी संपता संपेना,
आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावून उभी.
स्कूटरवरचा पोरगा म्हणाला, ताप आलाय काय वैनी?
शेजारच्या गाडीत काच खाली करून
एक बाई बघत होत्या. तोंडाकडे नाही. खांद्याकडे.
जाड होत्या का, बसलेल्या माणसाचं कळत नाही.

मी हात खिशात घातला, उगीच, कुठं ठेवायचा म्हणून.
आत कागदाची पुडी, त्यावर काळ्या धाग्याचा गुंडा,
वीतभर असेल नसेल.
मक्तुमसाबनी ठेवलेला,
परत लागेल म्हणून.