पुढचं उजवं चाक

बिर्कत अल मौज.
अरबीत मौज म्हणजे केळं,
हे मला इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं.
तोवर घरी सांगत होते, मौजेच्या गावात असते.

गाडी पजेरो, दोन हजार सहाची,
कोट्टयमला परतलेल्या एलियाम्मा सिस्टरकडून घेतलेली,
आरशाला अजून तिची जपमाळ.
डोंगरावरच्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा ड्युटी.
चढताना काही नाही.
उतरताना, तिसऱ्या वळणापासून,
चाक दात खायला लागलं.

गॅरेजवाल्या हमीदने न वाकताच सांगितलं, नव्वद रियाल.
मी दादांना फोन लावला.

दादा, म्हणजे वडील,
विट्याच्या एसटी डेपोत एकतीस वर्षं फिटर.
डावा कान गेलेला, उजवा मर्जीप्रमाणे.
मी जेवले, हे तीनदा ओरडून सांगावं लागतं.
पण खिडकीबाहेर फोन धरून
गल्लीत हळूच ब्रेक दाबला,
तर एकदा ऐकून म्हणाले,
"पुढचं उजवं. आतला पॅड संपलाय.
बाहेरचा बघून फसू नकोस."

डेपोच्या फाटकाआत मुलींनी यायचं नाही,
हा नियम त्यांचाच.
मी डबा वॉचमनकडे देऊन परत फिरायचे.

शुक्रवार, पहाटे पाच.
आठ वाजले की पान्हा हातात धरवत नाही.
मागच्या चाकांना दगड, दोनदा तपासले, नर्सची खोड.
नट ढिले, गाडी जमिनीवर असतानाच.
मग जॅक, मग स्टँड.
कॅलिपरचे दोन बोल्ट:
एक मुकाट्याने निघाला,
दुसऱ्याने बोटाचं साल काढलं.
कॅलिपर नळीवर लोंबू द्यायचा नाही,
सलाईनच्या बाटलीसारखा तारेने वर टांगला.

बाहेरचा पॅड:
अजून दोन उन्हाळे काढेल एवढा जाड.
आतला: लोखंड. नुसतं लोखंड.
सरकती पिन गंजून बसलेली,
सगळं दाबणं एकाच बाजूच्या वाट्याला,
आणि चाकाच्या फटीतून बघणाऱ्याला
सगळं ठीक.

इथे मी थोडा वेळ थांबले. पाणी प्यायले.

डिस्क हबला चिकटलेली.
हातोडी हाणली तशी वरच्या मजल्यावर खिडकी उघडली,
झुवैना म्हणाली, "सिस्टर, त्याचा गुन्हा काय?"
मग डिस्कच्या दोन बारक्या भोकांत दोन बोल्ट,
अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे,
रुसलेल्या म्हाताऱ्याला गोळी द्यावी तसं,
आणि टण्ण.
झुवैनाने पोराच्या हातून खजूर पाठवले.
पोरगा परत गेलाच नाही,
उजाडलं तरी टॉर्च धरून बसला.

नव्या डिस्कवरचं तेल पुसलं.
पिस्टन क्लॅम्पने मागे रेटला,
ब्रेक ऑइल बाटलीत वर चढताना एक डोळा त्याच्यावर.
पिनांना ग्रीस, जरा जास्तच.
जुनी डिस्क बाजूला ठेवली, कढीपत्त्याच्या कुंडीखाली जाईल.
डावं चाक बाकीच.
"एका बाजूचं बदलायचं नसतं," दादांनी बजावलेलं,
"गाडी ओढते."

तरी आधी बसून पेडल दाबलं.
पहिल्यांदा तळापर्यंत गेलं,
पोटात खड्डा.
दुसऱ्यांदा तेच.
तिसऱ्यांदा थोडी कुरकुर.
चौथ्यांदा
पलीकडून कुणीतरी
माझ्या तळव्याला तळवा लावला.

फोन टपावर, स्पीकर चालू.
तिकडे विट्यात चहाची वेळ, पितळी पातेल्याचा आवाज.
"लाग... का?"
मधलं अक्षर कुठेतरी समुद्रात पडलं.
ब्रेक लागला का, विचारत होते,
की बोटाला लागलं का.
पोरगा माझ्याकडे बघत होता.

"हो," मी ओरडले.
"हो, दादा."