पापणीचा भाव

मालपिकाच्या धक्क्यावर पहाटे पाचला
मी भाव खाली आणते.
इथे चढवायचा नसतो, उतरवायचा असतो:
तीस, साडेएकोणतीस, एकोणतीस,
आणि ज्याला हवं तो पापणी लववतो.
बास. हात नाही, हाक नाही.
शेजारच्याला कळता कामा नये.

वडील म्हणायचे, साबेला, आधी माशाचा डोळा बघ.
फुगीर, काळाभोर, पाणीदार: रात्रीचा.
बसका, दुधाळ: मग बर्फात कितीही सजवून ठेवू देत.
नंतर माणसाचा बघ.
फरक एवढाच, की माणूस शिळा झाला
तरी डोळा चमकवू शकतो.

सव्वीस वर्षं झाली. आता चुकत नाही.
उशिया तीन हॉटेलांची मालकीण,
हव्या त्या खोक्याकडे ती कधीच बघत नाही.
शेजारच्या माकुळांवर तिने नाक मुरडलं
की समजायचं, हेकवर डोळा आहे.
शेन्शो सासऱ्याच्या पैशाने घेतो.
त्याचे ओठ गप्प असतात, डोळे पुटपुटतात.
आणि नवी पोरं
चेहरा दगडासारखा करून उभी राहतात
पण बाहुली पसरते.
बाहुलीला खोटं बोलता येत नाही,
नावाप्रमाणेच ती लहान राहिलेली असते.

अमारोची खूण डावी पापणी.
उजवी आपली सगळ्यांसारखी, उगाच लवणारी.
फेब्रुवारीत तो आला तो अर्धाच आला.
डावा डोळा सताड उघडा,
उतरत्या भावात, बर्फाच्या वाफेत,
कुणीतरी दार लावायचं विसरल्यासारखा.

पहिल्या दिवशी मी वाचलं: माज.
वीस बोटींचा माल गेला, त्याने एक खोकं थांबवलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यातून धार लागली
आणि मी वाचलं: घरात काहीतरी मोडलं.
तिसऱ्या दिवशी मी काउंटरवरच्या बाईला म्हटलंही तसं.
दुपारपर्यंत गावाने त्याची बायको
ला कोरुन्याच्या बसमध्ये बसवून दिली होती.

ती बिचारी घरीच होती.
रोज रात्री त्याच्या डोळ्यावर पट्टी चिकटवत होती,
झोपेत बुबुळ कोरडं पडू नये म्हणून.
वारं गेलं तोंडावरून, तो वाकड्या ओठांनी म्हणाला,
डॉक्टर म्हणतात, महिना. नाहीतर वर्ष.

चौथ्या दिवशी एलादियोच्या बोटीचे टर्बट.
चोवीस. साडेतेवीस. तेवीस.
अमारोने तर्जनी वर नेली
आणि आपल्याच डोळ्याची पापणी खाली ओढली,
हळू,
गेलेल्या माणसाची मिटतात तशी.

सगळ्या शेडने पाहिलं.
उशियाने रुमाल काढला आणि परत ठेवला.
मी म्हटलं, विकलं,
आणि पुढचा आकडा काही केल्या आठवेना.

नंतर बर्फाच्या यंत्रापाशी मी माफी मागायला गेले.
कशाची ते सांगता येईना.
तो म्हणाला, सोड गं.
एक सांगू? एकोणीस वर्षांत
मी माशाकडे बघितलेलंच नाही.
चांगल्या खोक्यावर तू अडतेस. अर्धा क्षण.
त्या अर्ध्या क्षणात तुझी पापणी लवत नाही.
शेन्शोला ठाऊक आहे. उशियाला तर कधीपासून.
मला वाटलं, तुलाही ठाऊक असेल.

मी काहीच बोलले नाही.
मागे यंत्र बर्फ ओकत होतं.

दुसऱ्या पहाटे मी छताकडे पाहत भाव सांगितला.
पत्र्यावर समुद्रपक्षी चालत होते, त्यांची नखं वाजत होती.
बावीस. एकवीस. वीस.
पहिल्या प्रतीचा हेक, आणि कुणी हलेना.
अठरा. साडेसतरा.
बर्फ वितळून बुटांखाली येत होता,
आणि सगळे, अमारोचा तो न मिटणारा डोळासुद्धा,
माझ्याकडे बघत थांबले होते.

सतरा.

शेवटी मीच खाली पाहिलं.